धुराविना अग्नी : अपोहनावरील रुग्णाच्या रक्तातील विकरे आणि त्यांचा अर्थ

चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध कसा ठरतो, हा प्रश्न भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. शब्दशक्तींच्या विचारापासून अनुमानाच्या चर्चेपर्यंत आपल्या शास्त्रपरंपरांनी तो अनेक अंगांनी हाताळलेला आहे. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न वैद्यकाच्या एका मर्यादित क्षेत्रात तपासून पाहावयाचा आहे. हे क्षेत्र म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराने ग्रासलेल्या व डायलिसिसवर जगणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील विकरांचे, अर्थात एंझाइमांचे, मापन. या मापनातून आलेला आकडा हे एक चिन्ह असते. निरोगी माणसाच्या बाबतीत त्याचा जो अर्थ, तोच या रुग्णाच्या बाबतीत राहत नाही. आणि अर्थ चुकला तर त्याची किंमत रुग्णाला आपल्या शरीराने द्यावी लागते. विषय साहित्याबाहेरचा वाटला, तरी वाचनाच्या शास्त्राशी त्याचे नाते निकटचे आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

१. शब्दांची वाट

प्रथम शब्दांचा विचार करू. 'डायलिसिस' ही संज्ञा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली रूढ केली. पातळ पडद्यातून लहान रेणू पार जातात व मोठे अडतात, या निरीक्षणावर ती आधारलेली होती. या तत्त्वाचा माणसाच्या रक्तावर प्रयोग करणारे यंत्र विलेम कोल्फ यांनी जर्मनव्याप्त हॉलंडमधील काम्पेन येथे १९४३ साली चालविले. त्यासाठी सॉसेजच्या आवरणाला वापरतात तो सेलोफेन त्यांनी योजला होता. १९६० साली सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीला कायम जोडून ठेवता येईल अशी नळी सिद्ध केली. तेव्हापासून मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे यंत्राच्या आधारे जगू शकेल, ही शक्यता निर्माण झाली.

भारतीय वृत्तपत्रांच्या वाचकाला हा शब्द विशेष परिचित झाला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणामुळे. १९७५ च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन होईपर्यंत डायलिसिस हा त्यांच्या जीवनक्रमाचा भाग होता. आज तो शब्द जिल्ह्याच्या गावी पोहोचला आहे. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांतून ही सोय सुरू करण्याचे धोरण स्वीकारले.

मराठी व हिंदी परिभाषेत डायलिसिसला 'अपोहन' म्हटले गेले. दूर सारणे, वगळणे हा त्याचा धात्वर्थ. हा शब्द भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात स्मृती आणि ज्ञान यांच्या जोडीने येतो, हे अनेकांना आठवेल. त्याच धातूपासून झालेला 'अपोह' हा शब्द दिङ्नाग व धर्मकीर्ती यांच्या बौद्ध प्रमाणशास्त्रात एका संपूर्ण अर्थसिद्धान्ताचे नाव आहे. 'गाय' हा शब्द गायींत वसणारे एखादे सामान्यतत्त्व दाखवीत नाही. जे जे गाय नव्हे ते तो वगळतो, असे या मताचे थोडक्यात सांगणे. परिभाषा घडविणाऱ्यांच्या मनात हा दुवा असेल असे नाही. पण पुढील विवेचनात तो उपयोगी पडणार आहे.

'एंझाइम' हा शब्द जर्मन शरीरशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म क्यूने यांनी १८७७ च्या सुमारास बनविला. 'किण्वामध्ये असलेले' असा त्याचा ग्रीक अर्थ. भारतीय भाषांनी हा शब्द आपलासा करताना निरनिराळ्या वाटा धरल्या. कन्नडने 'किण्व' हाच शब्द घेतला. मद्य गाळताना घालावयाच्या या द्रव्याचा उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. हिंदी परिभाषेने त्याला उपसर्ग जोडून 'प्रकिण्व' केले. बंगाली व गुजराती 'उत्सेचक' म्हणतात. त्यात उतू येण्याची, फसफसण्याची कल्पना आहे. तमिळचा 'नोदि' हा आंबण्याच्या क्रियापदाशी संबद्ध आहे. मलयाळममधील 'रासाग्नि' मात्र आंबण्याची वाट सोडून आयुर्वेदातील अग्नीकडे वळतो. मराठीत 'वितंचक' हा शब्द काही काळ चालला. दूध साकळण्याचा अर्थ असलेल्या 'तञ्च्' धातूशी त्याचे नाते दिसते. पाठ्यपुस्तकांतून 'विकर' स्थिरावला आहे, म्हणून येथे तोच वापरला आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावयास हवी. आंबवणे, उतू येणे, साकळणे, जाळणे या साऱ्या क्रिया आहेत. प्रत्येक भाषेने विकराची ओळख त्याच्या द्रव्यावरून नव्हे, तर कामावरून करून घेतली. विकरांच्या मापनाचे मर्म नेमके येथेच आहे.

२. मोजले जाते ते काम

विकर हे प्रथिन असते आणि पेशीतील एखाद्या रासायनिक बदलाला ते वेग देते. विकर हे प्रथिनच आहे, हे जेम्स समनर यांच्या प्रयोगाने १९२६ साली सिद्ध होऊ लागले. त्यांनी एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून 'युरिएज' या विकराचे स्फटिक मिळविले. हे विकर युरियाचे विघटन करते, आणि रक्तातील युरिया मोजण्याच्या प्रयोगशाळांच्या पद्धतींत आजही त्याचाच उपयोग होतो. मूत्रपिंडाचा रुग्ण ज्या आकड्याकडे धास्तीने पाहतो, त्याच्यामागे असे एका बियाण्यातील विकर उभे असते. अर्थात युरिया व क्रिएटिनिन ही स्वतः विकरे नव्हेत. ती शरीराने टाकून द्यावयाची द्रव्ये होत.

विकरांचे खरे स्थान पेशींच्या आत. रक्तात ती थोडी झिरपलेली असतात. पेशी दुखावल्या की अधिक बाहेर पडतात. कोणते विकर वाढले यावरून कोणत्या इंद्रियाला इजा झाली, याचे अनुमान करता येते. ही पद्धत दृढ झाली ती १९५४ साली. त्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एसजीओटी हे विकर वाढते, असे लाड्यू, व्रुब्लेव्स्की व कारमेन यांनी दाखवून दिले. आज त्याच विकराला एएसटी म्हणतात व त्याच्या जोडीच्या एसजीपीटीला एएलटी. अनेक प्रयोगशाळा जुनी नावेही छापतात. त्यामुळे दोन अहवालांत दोन नावे पाहून या दोन निराळ्या तपासण्या असाव्यात, असा घरच्या माणसांचा समज होतो.

रक्तातील विकर सहसा वजनाने मोजत नाहीत. ठरावीक परिस्थितीत दर मिनिटाला ते किती द्रव्याचे रूपांतर करते, हे पाहतात; मिनिटाला एक मायक्रोमोल म्हणजे एक एकक. अहवालातील आकडा म्हणून 'किती विकर आहे' हे सांगत नाही, 'किती काम झाले' एवढेच सांगतो. काम करणाऱ्याजवळ त्याचे हत्यार नसेल, तर तो हजर असूनही काम कमी भरते.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. अपोहनाचे यंत्र ही विकरे काढून टाकीत नाही. युरियाच्या रेणूचे वजन ६० डाल्टन, क्रिएटिनिनचे ११३. हे रेणू पडद्यातून सहज पार होतात. एएलटी, एएसटी, अल्कलाइन फॉस्फटेज यांसारख्या विकरांचे रेणू लाखाच्या आसपास वा त्याहून जड असतात. ते रक्तातच राहतात. तरीही या रुग्णांत त्यांचे आकडे बदलतात. त्याची कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत.

३. तप्त लोहगोल : यकृताची विकरे

न्यायशास्त्राचा विद्यार्थी आरंभीच शिकतो की धूर दिसला तर अग्नीचे अनुमान करता येते. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष होय. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघावयाचा तर ओल्या इंधनाचा संयोग हवा. या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहासारख्या प्रवेशग्रंथातही तिची चर्चा येते.

यकृताचा दाह हा अग्नी मानला, तर एएलटी व एएसटी यांची वाढ हा त्याचा धूर. दोन्ही विकरांना आपले काम करण्यासाठी ब६ जीवनसत्त्वापासून बनणारे एक सहविकर लागते. अपोहनावरील रुग्णांत या जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते. आहारावर निर्बंध असतात, आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे यंत्रातून वाहूनही जातात. शिवाय दोन अपोहनांच्या मधल्या काळात शरीरात पाणी साठते व रक्त पातळ होते. परिणामी या रुग्णांतील एएलटी व एएसटीचे आकडे निरोगी माणसांपेक्षाही खाली असतात. काही प्रयोगशाळा चाचणीच्या वेळी हे सहविकर बाहेरून पुरवितात, काही पुरवीत नाहीत. त्यामुळे एकाच रक्ताचे दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत.

याचा व्यवहारातील परिणाम गंभीर आहे. हिपॅटायटिस सी हा रक्तावाटे पसरणारा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. एकाच ठिकाणी अनेकांचे रक्त हाताळले जात असल्याने अपोहन केंद्रांत त्याचा प्रसार होण्याचा धोका असतो. समजा, एखाद्या रुग्णाचा एएलटी नेहमी १२ ते १५ एककांच्या दरम्यान असतो आणि एका महिन्यात तो ३५ झाला. छापील मर्यादा ४० असल्याने त्या आकड्यापुढे ताऱ्याची खूण येत नाही, ठळक अक्षरही येत नाही. अहवाल 'नॉर्मल' ठरतो. वस्तुतः हा आकडा दुपटीहून अधिक वाढलेला आहे. हाच तो तप्त लोहगोल. धूर नाही, म्हणून अग्नी नाही, असे मानणे येथे घातक ठरते.

म्हणूनच केवळ या विकरांवर विसंबून न राहता रुग्णांची विषाणूसाठी स्वतंत्र, ठरावीक मुदतीने तपासणी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; एएलटी दरमहा पाहावे ते बदलाचा माग लागावा म्हणून. पूर्वी या रोगावरील उपचार या रुग्णांना सोसणे कठीण होते. आता तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी ८ ते १२ आठवड्यांत अपोहनावरील बहुसंख्य रुग्णही विषाणुमुक्त होऊ शकतात. तेव्हा चिन्ह न वाचले जाण्याची हानी आज अधिकच अक्षम्य ठरते.

४. वगळून मिळणारा अर्थ : अल्कलाइन फॉस्फटेज

दुसरे महत्त्वाचे विकर म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज. त्याची अडचण निराळी आहे. ते यकृतातूनही येते, हाडांतूनही येते, काही अंशी आतड्यांतूनही येते. सर्वसाधारण चाचणी या सर्वांचे मिळून एकच काम मोजते. अनेकार्थी शब्दासारखी ही स्थिती आहे. संदर्भाशिवाय अर्थ ठरत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाली की फॉस्फेट साठते व ड जीवनसत्त्व क्रियाशील होत नाही. रक्तातील कॅल्शियम उतरू लागते. ते सावरण्यासाठी गळ्यातील परावटू ग्रंथी आपला स्राव वाढवितात व हाडांतून कॅल्शियम ओढून घेतले जाते. हाडांची मोडतोड व बांधणी दोन्ही वेगाने चालतात, आणि बांधणी करणाऱ्या पेशींतून हे विकर अधिक प्रमाणात रक्तात येते. म्हणजे वाढलेला आकडा हाडांची व्यथा सांगत असू शकतो. पण तो पित्तमार्गातील अडथळ्याचाही असू शकतो, किंवा नुकत्याच मोडलेल्या व सांधत असलेल्या हाडाचाही.

येथे वैद्य जी रीत वापरतो, ती अपोहाची आहे. तो गॅमा-जीटी नावाचे दुसरे विकर पाहतो. ते यकृतात असते, हाडांत नसते. ते वाढलेले नसेल, तर यकृत हे कारण बहुधा वगळता येते व उरलेला अर्थ हाडांकडे जातो. मग परावटू स्रावाची पातळी पाहून तो पक्का केला जातो. 'हे हाडांचे आहे' हे प्रथम विधानरूपाने कळत नाही. 'हे यकृताचे नव्हे' असे कळून मग ते हाती लागते. हाडांपासून येणारे विकर वेगळे मोजण्याची चाचणीही आहे, परंतु ती सर्वत्र उपलब्ध नसते.

उलटपक्षी आकडा कमी असला म्हणजे सारे कुशल आहे, असेही नाही. परावटू ग्रंथी औषधांनी फार दडपल्या गेल्या, तर हाडांची बांधणीच थंडावते. अशा हाडाला निश्चल हाड म्हणता येईल. पहिल्या स्थितीत स्राव आवरावयाचा असतो, दुसऱ्या स्थितीत त्याला आवरणारी औषधे कमी करावयाची असतात. दोन वाचने, दोन परस्परविरुद्ध उपचार.

५. वाफ आणि धूर : इतर विकरे

तिसरा प्रकार उलट्या दिशेचा. नैयायिकांच्याच उदाहरणांत वाफेला धूर समजून अग्नीचे अनुमान करणारा माणूस येतो. अमायलेज व लायपेज ही स्वादुपिंडाची विकरे तुलनेने लहान रेणूंची आहेत. निरोगी शरीरात त्यांच्या निचऱ्यात मूत्रपिंडांचा वाटा असतो. तो निचरा थांबला की स्वादुपिंडाला कोणतीही इजा नसताना ही विकरे रक्तात वाढतात. ही वाढ बहुधा मर्यादेच्या तिपटीच्या आत राहते. परंतु पोटदुखी असलेल्या रुग्णाच्या हाती हा अहवाल पडला, तर नसलेल्या रोगाची भीती उभी राहते. वैद्य अशा वेळी दुखण्याचे स्वरूप, आकड्याची पट आणि छायाचित्रण या तिन्हींचा मेळ घालतो. लायपेजच्या बाबतीत रक्त गोठू नये म्हणून अपोहनाच्या वेळी दिलेले हेपारिनही आकडा वाढवू शकते. म्हणून रक्त अपोहनापूर्वी घेतले की नंतर, हे कळणे अगत्याचे ठरते.

स्नायूंचे क्रिएटिन कायनेज हेही या रुग्णांपैकी काहींत हृदयाला इजा नसताना वाढलेले असते. हृदयाच्या बाबतीत आता त्याची जागा ट्रोपोनिनने घेतली आहे. ट्रोपोनिन हे प्रथिन आहे, पण विकर नव्हे. ते या रुग्णांत कायमच थोडे चढलेले असू शकते. म्हणून एका आकड्यापेक्षा काही तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन आकड्यांतील फरक अधिक बोलका असतो. लॅक्टेट डीहायड्रोजनेज जवळजवळ सर्व पेशींत असल्याने त्याच्यावरून एकटे इंद्रिय ओळखता येत नाही. मात्र ते एकाएकी वाढले, तर तांबड्या पेशी फुटत आहेत काय, हे पाहावे लागते. अपोहनाच्या पाण्यातील क्लोरामाइन नीट गाळले गेले नाही, तर असे घडते. अर्थात सुईतून रक्त ओढताना पेशी फुटल्या तरीही हाच आकडा वाढतो. चिन्ह एक, एक अर्थ पाण्याच्या शुद्धीकरणाकडे बोट दाखवितो, दुसरा नमुना घेणाऱ्याच्या हाताकडे.

६. 'नॉर्मल' या शब्दाचे भाषांतर

या सर्व विवेचनातून भाषेच्या अभ्यासकाने काय घ्यावे? अहवालावर प्रत्येक आकड्यापुढे दोन मर्यादा छापलेल्या असतात. निरोगी मानलेल्या पुष्कळ माणसांची मापे घेऊन त्यांतील मधल्या ९५ टक्क्यांच्या कडा म्हणजे या मर्यादा. याचा अर्थ असा की निरोगी माणसांपैकीही काही त्यांच्या बाहेर पडतात. आणि ज्यांची मूत्रपिंडे चालत नाहीत, अशी माणसे तर त्या मोजणीत नव्हतीच. या मर्यादांना भारतीय भाषांतील माहितीपत्रकांत 'सामान्य', 'प्राकृत', 'नॉर्मल' असे म्हटले जाते, आणि वाचणारा त्याचा अर्थ 'निर्दोष' असा घेतो. हा भाषांतराचा दोष केवळ शैलीचा राहत नाही. 'संदर्भ-मर्यादा' हा शब्द रुक्ष आहे खरा, पण तो खोटे आश्वासन देत नाही. कोणाचा संदर्भ, असा प्रश्न विचारण्यास तो जागा ठेवतो.

रूपकांचीही अशीच परीक्षा व्हावयास हवी. 'रासाग्नि' हा शब्द सुंदर आहे. परंतु अग्नी वाढला म्हणजे पचनशक्ती वाढली, असा आयुर्वेदाच्या संस्कारातून येणारा बोध रक्तातील वाढलेल्या विकराला लावला, तर अर्थ उलटाच होईल. 'विकर' या शब्दात 'विकार' ऐकू येतो, आणि विकर म्हणजेच रोगद्रव्य असा समज होऊ शकतो. वस्तुतः विकरांवाचून एक क्षणही जगता येत नाही. रोगसूचक आहे ते त्यांचे स्थानांतर. धूर, वाफ व लोहगोल यांची येथे योजलेली उपमाही एवढ्यापुरतीच खरी मानावी. यकृताचा दाह नसताना स्नायूंच्या इजेनेही एएसटी वाढते, म्हणजे धुरावरून अग्नीचे अनुमानही शरीरात नेहमी निर्दोष नसते.

ज्यांच्याकडे अशी माहितीपत्रके मराठीत, हिंदीत, बंगालीत वा तमिळमध्ये उतरविण्याचे काम येते, त्यांनी चार गोष्टी शब्दांच्या निवडीइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात. जुने व नवे नाव एकत्र द्यावे. रक्त अपोहनापूर्वीचे की नंतरचे, हे लिहिण्यास जागा ठेवावी. मागील महिन्यांचे आकडे शेजारी मांडण्याची सोय करावी. कारण या रुग्णाचा खरा संदर्भ तो स्वतःच असतो. आणि 'आकडा मर्यादेत आहे' व 'रोग नाही' ही दोन वाक्ये कधीही एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

आठवड्यातून दोनदा वा तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून बसणाऱ्या माणसाच्या हाती दरमहा असा एक कागद येतो. बहुधा तो इंग्रजीत असतो, आणि घरातील शाळकरी मूल त्यातील बाण व तारे मोजून दाखविते. बाण नसलेल्या ओळीतही काही लिहिलेले असू शकते, एवढे त्याच्या भाषेत त्याला सांगता आले, तर पुढच्या खेपेस तो वैद्याला योग्य प्रश्न विचारू शकेल.